पोटगी मागण्याआधी कागद मागा

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘कौटुंबिक कायद्यातील आर्थिक व मालमत्ताविषयक तंटे’ असा भारदस्त विषय छापलाय. मी वकील नाही. मी सल्ला केंद्रात बसते, आलेल्या बाईचं ऐकते, नवऱ्याला पत्र पाठवते, दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवते. तुमच्यातल्या बहुतेकजणी हेच काम करतात. म्हणून या कामात आपण कुठे कमी पडतो ते सांगणार आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खाजगी शाळेत शिकवणारी बाई आमच्याकडे आली. लग्नाला चौदा वर्षं झालेली, दोन मुलं, नवरा कंपनीत चांगल्या पगारावर. मारहाण होती, शिवाय त्याचं दुसरीकडे सुरू होतं. तिला वेगळं व्हायचं होतं. तीन महिने बैठका घेतल्या. नवरा म्हणाला, फ्लॅटवर कर्ज आहे, माझ्याजवळ काही उरत नाही, तरी माणुसकी म्हणून सहा लाख देतो. मुलं तिच्याकडे, संमतीनं घटस्फोट. आम्हाला वाटलं, कोर्टात दहा वर्षं घासण्यापेक्षा हे बरं. शेवटच्या तारखेला तिनं पेढेसुद्धा आणले होते.

आठ महिन्यांनी ती परत आली. तिला सोसायटीतल्या शेजारणीकडून कळलं होतं की फ्लॅटचं कर्ज आदल्या वर्षीच फिटलं होतं आणि आमचं पहिलं पत्र पोहोचल्यावर दीड महिन्यात नवऱ्यानं फ्लॅट आईच्या नावे बक्षीसपत्र करून दिला होता. त्या फ्लॅटचे सुरुवातीचे पैसे तिच्या पाटल्या आणि गोठ मोडून भरले होते. हप्ते त्याच्या खात्यातून जात. तिच्या पगारातून किराणा, दूध, मुलांच्या फिया, सासूची औषधं. ‘पण बँकेत मीही सही केली होती ना!’ असं ती पुनःपुन्हा म्हणत होती. केली होती, कर्जाच्या कागदावर, सहकर्जदार म्हणून. खरेदीच्या करारात तिचं नाव नव्हतं. म्हणजे कर्ज बुडालं असतं तर बँक तिला धरणार होती, आणि कर्ज फिटलं तर घर त्याचं. समझोत्यात तर आम्हीच लिहून घेतलं होतं की यापुढे ती कोणताही हक्क सांगणार नाही. त्या तीन महिन्यांत मी एकही कागद पाहायला मागितला नव्हता.

त्यानंतर मी आमचे जुने अर्ज काढून बघितले. मारतो का, पितो का, हुंड्यासाठी छळ आहे का, बाहेर संबंध आहेत का, या सगळ्याला रकाने आहेत. मालमत्तेला एक ओळ. त्या ओळीत बहुतेक ठिकाणी आपल्याच अक्षरात लिहिलंय, ‘काही नाही’. बाई म्हणते काही नाही, आपण लिहितो काही नाही. तिनं ज्या घरात पंधरा वर्षं फरशी पुसली ते घर कुणाच्या नावावर आहे, हे तिला ठाऊक नसतं आणि विचारायची आपल्यालाही लाज वाटते. पैशाचं बोललं की बाई लोभी ठरते, हे आपल्याही मनात कुठेतरी असतंच.

कायदा इथे आपल्या बाजूनं फारसा नाही, हे आधी स्पष्ट समजून घेऊ. लग्न झालं म्हणून आपल्याकडे नवऱ्या-बायकोची कमाई एक होत नाही. ज्याच्या नावावर कागद, त्याची मालमत्ता. तिचा पगार भाजीत गेला आणि त्याचा हप्त्यात गेला, तर भाजी संपते आणि घर राहतं. जी बाई पगारच आणत नाही, नुसती राबते, तिच्या श्रमाचा तर हिशेबच नाही. २०१० साली विवाह कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक आलं होतं. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा द्यावा अशी तरतूद त्यात होती. २०१३ मध्ये राज्यसभेनं ते मंजूर केलं आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं ते बारगळलं. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका निकालात म्हटलं की नवरा परदेशात कमावत असताना बायकोनं घर सांभाळलं, तेही मालमत्ता उभी करण्यातलं योगदानच आहे, आणि तिला निम्मा वाटा दिला. युक्तिवादात या निकालाचा आधार घेता येईल, पण आपल्याकडच्या कोर्टावर तो बंधनकारक नाही.

शेजारच्या गोव्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक धरतात, निम्मी-निम्मी, आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. सिंधुदुर्गातल्या कितीतरी मुली गोव्यात दिल्या जातात. त्या भागातल्या कार्यकर्त्यांनी लग्नाआधी असा काही करार झालाय का, हे जरूर विचारावं. गोव्यातही व्यवहार पुरुषांच्याच हातात असतात, तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. पण विकणाऱ्याला बायकोच्या सहीसाठी थांबावं लागतं, ही काही लहान गोष्ट नाही. माझ्या त्या शिक्षिकेच्या नवऱ्याला कुणाच्याच सहीसाठी थांबावं लागलं नाही.

मग आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेलं एक प्रकरण आहे, रजनेश विरुद्ध नेहा. बाईनं २०१३ मध्ये अर्ज केला आणि अंतरिम पोटगीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ४ नोव्हेंबर २०२० ला निकाल लागला. एवढ्याशा पोटगीला सात वर्षं! पण त्या निकालानं सगळ्या बायकांचं एक काम झालं. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही पगार, खाती, कर्जं, घरं, गुंतवणूक हे सगळं ठरलेल्या नमुन्यात शपथेवर लिहून द्यायचं. शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे, त्यात जमीन, पिकं, दुभती जनावरं येतात. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यात ठरलं. फौजदारी संहितेचं आपल्या पाठांतरातलं १२५ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालं आहे, तरी हे नियम लागू आहेतच.

तरीही नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आलं की आपण ते फाईलला लावतो आणि पुढची तारीख घेतो. तसं करू नका. बाईला शेजारी बसवून ओळन् ओळ वाचा. ‘गाडी नाही’ असं लिहिलंय, मग रोज ज्या गाडीनं तो कोर्टात येतो ती कुणाच्या नावावर? पगार अठरा हजार लिहिलाय आणि मुलाची वर्षाची फी साठ हजार त्यानंच भरली होती ना, त्याची पावती आहे का? खोटेपणा असा सापडतो. आणि हा नियम दोघांना आहे, हे विसरू नका. आपली बाई घरी शिवणकाम करून चार पैसे मिळवत असेल तर तेही लिहायला सांगा. ‘लिहिलं तर पोटगी कमी होईल’ म्हणून लपवणाऱ्या बाईच्या मी भानगडीत पडत नाही. एकदा ती खोटी ठरली की तिचं खरंही कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. आपण समझोत्याच्या बैठका घेत बसतो तेव्हा समोरचा माणूस कागद फिरवत असतो. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपण मारहाणीसाठी वापरतो, पण त्याचं कलम १८ नीट वाचा. मालमत्तेची विल्हेवाट लावायची नाही, लॉकर उघडायचा नाही, बँक खाती वापरायची नाहीत, असा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी. आणि तातडी असेल तर दुसऱ्या बाजूचं ऐकण्याआधी एकतर्फी अंतरिम हुकूमही मिळू शकतो. बक्षीसपत्राच्या त्या दीड महिन्यात मी हा अर्ज करायला लावला असता, तर आज मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

याच कायद्यानं मिळणारा राहण्याचा हक्क आणि मालकी यांत आपल्या बायकांची गल्लत होते. सासऱ्यांच्या नावावरच्या घरातूनही सुनेला सरसकट बाहेर काढता येत नाही, हे सतीश आहुजा प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. त्याआधीचा २००६ चा निकाल बायकांना फार नडत होता, तो फिरवला. पण राहता येतं म्हणजे घर तिचं झालं असं नाही. हे आपणच तिला सांगायचं, नाहीतर पुढे ती आपल्यालाच दोष देईल आणि तो रास्त असेल.

स्त्रीधनाबद्दल फार सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ सालीच ठरलं की ते तिच्या एकटीचं, सासरच्यांकडे ते नुसतं ठेवायला दिलेलं असतं. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका बाईला मोडलेल्या ८९ सोन्याच्या नाण्यांएवढ्या दागिन्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २५ लाख देवविले. अडचणीत नवरा ते वापरू शकेल, पण परत करायला बांधलेला आहे. लग्नाचे फोटो, सोनाराच्या पावत्या, आहेराची वही, जे मिळेल ते जपून ठेवायला सांगा. आणि कोर्ट फीला घाबरून दावा सोडू देऊ नका. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेनं पोटगी, घटस्फोट, अत्याचार आणि संसारातल्या मालमत्तेच्या तंट्यांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. काही ठिकाणी बाबू लोक अजून मागतात. अधिसूचनेची प्रत पर्समध्ये असू द्या.

संमतीच्या घटस्फोटात रक्कम ठरली तर ती दुसऱ्या सहीच्या आधी खात्यात जमा झाली पाहिजे, नंतरच्या तारखेचा चेक घेऊन नव्हे. आणि एकरकमी पैशाचा मोह आवरा. तो मोह बाईपेक्षा आपल्याला जास्त असतो, कारण फाईल बंद होते.

आता गावाकडचं. शेतकऱ्याची बायको कोर्टात आली की नवरा भावाच्या नावे हक्कसोड करतो किंवा बापानं वाटणीच केली नाही म्हणतो. म्हणून तिचं पहिलं काम सातबारा आणि आठ-अ काढायचं. आता ते ऑनलाइनही मिळतात, तलाठ्याची मिनतवारी करावी लागत नाही. फेरफार बघा, म्हणजे कुठल्या साली काय फिरलं ते दिसतं. आणि कायम पोटगी मागताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली त्याच्या जमिनीवर पोटगीचा बोजा मागा. कलमात तशी सोय आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि वकीलही बरेचदा मागत नाहीत.

आमच्याकडच्या एका बाईच्या वकिलानं तो मागितला. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर बोजा ठेवायचा हुकूम झाला. हुकूम घेऊन ती तलाठ्याकडे गेली, तर तो म्हणाला असला बोजा मी कधी चढवलेला नाही, बँकेचाच चढवतो. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी आम्ही दोघी बरोबर गेलो, मंडळ अधिकाऱ्यांना हुकूम दाखवला आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंद झाली. वर्षभर नवऱ्यानं एक पैसा दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं जमीन विकायला काढली. इसार द्यायला आलेल्या माणसानं सातबारा वाचला आणि म्हणाला, आधी हे बाईचं मिटव. बोलावून कधी न येणारा तो माणूस आपण होऊन केंद्रात आला, थकलेले पैसे टेबलावर ठेवले आणि बोजा उतरवून द्या म्हणाला. आम्ही पैसे मोजून बाईला दिले, पावती लिहिली. बोजा उतरवला नाही. पुढच्या महिन्याची पोटगी अजून यायची होती.