निळी बाटली

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



राहायला आलो त्या दिवसाची आठवण सांगा म्हणालात, म्हणून एक कबुलीच देते.

सामान लावताना आईच्या ट्रंकेत एक रिकामी निळी बाटली निघाली. ‘ईव्हनिंग इन पॅरिस’ सेंटची. तुम्हाला लगेच शम्मी कपूर आठवला असेल! पण तो सिनेमा १९६७ चा, सेंट त्याच्या कितीतरी आधीचं. बुर्ज्वा या फ्रेंच कंपनीने ते १९२८ साली काढलं. बनवणारे एर्नेस्त बो, म्हणजे ‘शनेल नंबर फाइव्ह’ बनवणारे तेच. १९६९ च्या सुमारास ते बंद झालं. आईला तिच्या मामाने लग्नात दिलेली ती बाटली.

मला काय, रिकामी बाटली! मनी प्लांटला बरी म्हणून मी ती साबणाच्या गरम पाण्याने खळखळून धुतली. आई एवढंच म्हणाली, “धुतलीस होय?”

सेंटमधले हलके वास आधी उडून जातात. व्हॅनिलासारखे जड वास मात्र तळाशी, बुचाला वर्षानुवर्षं चिकटून राहतात. आई अधूनमधून बूच काढून तेच हुंगायची. हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू थर्मासमधून चहा घेऊन आल्या. ओळखदेख काही नाही. बाटली बघताच म्हणाल्या, “अगंबाई, ही तर आमच्याकडेही होती!” आणि नाकाशी नेली. साबणाचा वास! मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण आई हसली, म्हणाली, “लेकीने आंघोळ घातली तिला.” मग दोघी खोक्यांवर बसून तो वास आठवू लागल्या. आई म्हणे, आधी व्हायोलेटची फुलं, मग पावडरीसारखं गोडसर. काकू म्हणत, नाही, आधी गुलाबच. रात्रीचे नऊ वाजले, स्वयंपाक तसाच.

कंपनीने १९९२ मध्ये ते सेंट पुन्हा आणलं होतं. पुढे भाच्याने त्यातली एक बाटली आणून दिली. दोघींनी मनगटावर लावलं, एकमेकींकडे पाहिलं. “छान आहे,” आई म्हणाली. काकू म्हणाल्या, “हो, पण हे ते नव्हे.”

मी काय सांगणार? मी तो मूळ वास कधी नीट घेतलाच नव्हता.

आज दोघीही नाहीत. बाटली तिकडे जुन्या वस्तूंच्या टेबलावर ठेवलीये. मनी प्लांट मी त्यात कधीच लावला नाही.