बोलावलंत, तर निरोपही द्या

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळू लागलो. भाषा प्रोग्रेस, आता तिला ओपनएज एबीएल म्हणतात.

या भाषेत ‘रन पर्सिस्टंट’ म्हणून बोलावलेली प्रोसिजर काम संपलं तरी मेमरीत बसून राहते. क्लासचे ऑब्जेक्ट वापरात नसले की आपोआप साफ होतात. ही मात्र ‘डिलीट प्रोसिजर’ म्हटल्याशिवाय उठत नाही. हँडल पुसलंत, तर फक्त तिचा पत्ता हरवतो.

मग ‘सेशन’च्या ‘फर्स्ट-प्रोसिजर’पासून ‘नेक्स्ट-सिब्लिंग’ धरत शोधायचं. मी आधी प्रोसिजर काढली आणि मग तिलाच पुढची विचारली. सांगणार कोण? साखळी तुटली. पुढच्या खेपेला सरसकट सफाई केली, तर दुसऱ्या मॉड्यूलची प्रोसिजरही गेली. ऐन महिनाअखेरीला बिलं अडली. चूक माझीच.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी पुढचीचा पत्ता लिहून घ्या, ‘फाइल-नेम’ पाहून ती आपलीच आहे ना हे तपासा, मगच काढा.

फौजेत बदली झाली की मेस, स्टोअर सगळीकडचा क्लिअरन्स घेऊनच निघतात. इथंही तेच. ज्यानं बोलावलं, त्यानंच निरोप द्यावा. जय हिंद!