नव्या चेतापेशी आणि खिन्न मन

प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्मास येत नाही, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ दृढ समजूत होती. १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे सांतियागो रामोन इ काहाल यांचेही मत तसेच होते. १९६५ मध्ये जोसेफ ऑल्टमन व गोपाल दास यांनी उंदराच्या मेंदूत, जन्मानंतरही नव्या चेतापेशी निर्माण होतात, असे दाखविले. हिप्पोकॅम्पस नावाच्या ज्या भागात हे घडते, तो स्मृती व भावना यांच्याशी निगडित आहे. तथापि या शोधाकडे कित्येक वर्षे फारसे लक्ष गेले नाही.

पुढे असे आढळले की, ताण दीर्घकाळ टिकला तर प्राण्यांमध्ये ही निर्मिती मंदावते. यातून एका जुन्या कोड्यावर प्रकाश पडला. खिन्नतेवरील अनेक औषधे मेंदूतील सेरोटोनिनवर काही तासांतच परिणाम करतात. रुग्णाला उतार पडावयास मात्र काही आठवडे लागतात. नवी चेतापेशी वाढून कार्यक्षम होण्यासही आठवडेच लागतात. येल विद्यापीठातील रोनाल्ड ड्यूमन यांच्या गटाने २००० मध्ये दाखविले की, अशी औषधे दीर्घकाळ दिल्यास उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी वाढतात. ड्यूमन यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केलेल्या विदिता वैद्य यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा अभ्यास पुढे नेला. नॉरएपिनेफ्रिन हे द्रव्य घटले की उंदरांत या पेशींची पैदासही घटते, असे त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखविले. २०१५ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला.

मग उंदराला लागू पडते ते माणसालाही लागू पडते काय? १९९८ मध्ये प्रौढ माणसाच्या मेंदूतही नव्या पेशी आढळल्या. परंतु २०१८ मध्ये एका गटाला त्या प्रौढांत जवळजवळ दिसल्याच नाहीत, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाला त्या वृद्धांतही दिसल्या. जबलपूरच्या सराफ्यात सोने कसोटीला लावल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही. तेथील श्रोत्यांना शास्त्राची ही सावधगिरी सहज उमगेल. नव्या पेशींचा अभाव हेच खिन्नतेचे कारण, असे म्हणण्याइतका पुरावा अद्याप नाही.

तरीही एवढे निश्चित की, ताणाचा ठसा प्रत्यक्ष मेंदूवर उमटतो. म्हणून खिन्न माणसाला ‘मन घट्ट कर’ एवढाच उपदेश करणे हा अन्याय होय. त्याला वैद्यकीय साहाय्य मिळाले पाहिजे. आणि पहिल्या आठवड्यात गुण आला नाही म्हणून त्याने आपल्या मनाने औषध सोडता कामा नये. मेंदूला सावरावयास अवधी लागतो. तो अवधी घरच्यांनी त्याला धीराने दिला पाहिजे.