संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण संगणकाविषयी बोलणार आहोत. तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, "आम्हाला आत्ता कुठे सही करता यायला लागली. संगणकाशी आमचं काय काम?"

काम आहे. तुमच्या घरी संगणक नसेल, पण तुमचा हिशेब संगणकात आहे. डेअरीला दूध घातले, की लिटर आणि फॅटचा आकडा संगणकात जातो. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढली, की वजन संगणकात जाते. सांगलीला हळद विकली किंवा तासगावला बेदाणा विकला, तर पट्टी बहुधा संगणकातूनच निघते. विकास सोसायटीचेही तसेच. गावोगावच्या ६३ हजार सोसायट्यांचा कारभार संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारने २०२२ साली मंजूर केली.

पूर्वी सोसायटीची वही कपाटात असे. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. आता वही संगणकात गेली. मग त्याची किल्ली कोणाकडे आहे? हे आपण कधी विचारले का?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. संगणक बिघडला, तर दुरुस्त करणारा माणूस दर वेळी गावात येत नाही. तो सातारला, कोल्हापूरला, नाहीतर पुण्याला बसलेला असतो. तिथूनच तो आपल्या संगणकात शिरतो. हे कसे होते? आपल्या संगणकात त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो. तो उघडला, की पडद्यावर एक लांबलचक आकडा दिसतो. आपण तो आकडा फोनवर सांगायचा. पलीकडचा माणूस तो आपल्या संगणकात घालतो. मग आपल्या पडद्यावर प्रश्न येतो, "याला आत येऊ द्यायचे का?" आपण होय म्हटले, की आपला पडदा त्याला दिसू लागतो. इकडे आपण हातही लावत नाही, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागतो. म्हणजे बैल आपल्या दारात, आणि कासरा त्याच्या हातात!

ही सोय चांगली आहे. तिच्यामुळे वेळ वाचतो, एस. टी. चे भाडे वाचते. दूध बिलाच्या आदल्या दिवशी संगणक अडला, तरी अर्ध्या तासात काम होते. तेव्हा ही सोय नको, असे आम्ही म्हणत नाही. पण कासरा कोणाच्या हातात दिला, किती वेळ दिला, आणि परत घेतला की नाही, हे पाहायला हवे.

आमच्या माहितीतली एक हकीकत सांगतो. कृष्णाकाठच्या एका गावातली दूध संस्था. गावाचे नाव सांगत नाही. कारण चूक कोणाकडूनही होते. दहा दिवसांचे बिल काढायचा तो दिवस होता. सचिव बाहेरगावी गेले होते. संगणकावर एक तरुण मुलगी बसली होती. तेवढ्यात फोन आला. बोलणारा मोठा अदबीने म्हणाला, "ताई, आम्ही सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय. तुमची मुदत आज संपते आहे. आत्ता दुरुस्ती केली नाही, तर उद्या बिलं निघायची नाहीत."

पोरगी घाबरली. बिले निघाली नाहीत, तर सारा गाव दारात येईल! त्याने सांगितले तसे ती करत गेली. प्रोग्रॅम उघडला, आकडा सांगितला, होय म्हटले. बाण फिरू लागला. संस्थेच्या बँक खात्याचे पान सकाळपासून उघडेच होते. लोकांना वाटायचे पैसे त्याच खात्यात होते.

त्या वेळी आमच्या वर्गाला येणाऱ्या एक मावशी दूध घालून पावतीसाठी उभ्या होत्या. मावशींना नवी नवी अक्षरओळख झालेली. दिसेल ते त्या मोठ्याने वाचायच्या. दुकानाची पाटी वाचायच्या, एस. टी. ची पाटी वाचायच्या, खताच्या पोत्यावरचे नावसुद्धा वाचायच्या. टेबलावर संस्थेचा फोन होता. तो वाजला आणि त्यावर बँकेचा मराठी संदेश आला. मावशी एकेक अक्षर लावून वाचू लागल्या, "हा… क्रमांक… कोणालाही… सांगू नका."

पलीकडचा माणूस नेमका तोच क्रमांक मागत होता.

मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, सांगू नको म्हणून लिवलंय की इथं. मग तो का मागतोय?"

मुलगी भानावर आली. तिने फोन ठेवला आणि इंटरनेटची वायर उपसून काढली. लगेच बँकेला कळवले. खात्यातला पैसा वाचला. गावाचे बिल दुसऱ्या दिवशी वाटले गेले.

पण हकीकत इथे संपत नाही. नंतर एका जाणत्या माणसाकडून तो संगणक तपासून घेतला. तेव्हा दुसरीच गोष्ट निघाली. दोन वर्षांपूर्वी एक दुरुस्तीवाला येऊन गेला होता. त्याने प्रोग्रॅम असा लावून ठेवला होता, की इकडे कोणी होय म्हणायचीही गरज नव्हती. त्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो रात्री-बेरात्री केव्हाही आत येऊ शकत होता. त्याच्या मनात पाप नसेलही. पण दार दोन वर्षे सताड उघडे होते, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या दूध संस्थेवर चोर कशाला नजर ठेवील? तर सांगतो, चोर गाव पाहत नाही. जगभरातल्या संगणकांची दारे ढकलून पाहण्याचे काम त्याची यंत्रे रात्रंदिवस करतात. जे दार उघडे सापडेल, तिथे तो शिरतो. काही वेळा तो पैसे नेत नाही. सगळ्या हिशेबाला स्वतःचे कुलूप घालतो आणि खंडणी मागतो.

मोठ्या बँकाही यातून सुटलेल्या नाहीत. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, जुनी आणि नावाजलेली. २०१८ सालच्या ऑगस्ट महिन्यात तिच्यावर असा घाला पडला. आपण एटीएममधून पैसे काढतो, तेव्हा ते यंत्र बँकेला विचारते, "देऊ का?" बँक होय म्हणाली, तरच नोटा बाहेर येतात. चोरांनी दुरूनच या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवला. मग बँकेच्या जागी चोरांचाच प्रोग्रॅम "दे, दे" म्हणू लागला. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरी फुटली नाही, पहारेकऱ्याला ओरखडा उठला नाही. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असे बँकेने सांगितले. नुकसान बँकेला सोसावे लागले. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, मग आपल्या संस्थेने किती जपावे?

आता काय करायचे ते सांगतो. नियम सोपे आहेत.

पहिला नियम. फोन आपण करायचा. समोरून आलेल्या फोनवर कोणालाही संगणकात घ्यायचे नाही. "कंपनीतून बोलतोय," "बँकेतून बोलतोय," असे कोणीही म्हणू शकतो. आपण फोन ठेवावा. करारावर किंवा पासबुकावर छापलेला नंबर काढावा आणि त्यावर स्वतः विचारावे. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर घेऊ नये. चोर तिथेही खोटे नंबर टाकून ठेवतात.

दुसरा नियम. दुरुस्ती चालू असेपर्यंत जागचे हलायचे नाही. शेतात मजूर लावला, तर आपण बांधावर उभे राहतोच ना? तसेच हे. दुरुस्तीच्या आधी बँकेचे पान बंद करावे. काम संपले, की प्रोग्रॅम बंद करावा. गरज नसेल, तर काढूनच टाकावा.

तिसरा नियम. दाराला दोन कुलपे हवीत. एक पासवर्ड, आणि दुसरा फोनवर येणारा क्रमांक. पासवर्ड चोरीला गेला, तरी दुसरे कुलूप राहते. म्हणून तो क्रमांक कोणालाही सांगायचा नाही. सचिवाला नाही, साहेबाला नाही, पोलीस म्हणवणाऱ्यालाही नाही. आणि ज्या संगणकात परका शिरला आहे, त्याच्यासमोर हा क्रमांक घालायचाही नाही. त्याला पडदा दिसत असतो.

चौथा नियम. प्रत्येकाची किल्ली वेगळी. एकच पासवर्ड पाच जणांत असेल, तर चोरी कोणाच्या किल्लीने झाली, हे कळत नाही. भिंतीवर पासवर्ड लिहून ठेवणे म्हणजे उंबऱ्यावर किल्ली ठेवण्यासारखेच. माणूस नोकरी सोडून गेला, की त्याची किल्ली त्याच दिवशी बंद करावी.

पाचवा नियम. ज्या व्यापाऱ्याला, कारखानदाराला घरून रोज दुकानाचा संगणक पाहायचा असेल, त्याने दार थेट इंटरनेटवर उघडे टाकू नये. जाणत्याकडून 'व्हीपीएन' बसवून घ्यावे. ही आपल्या रानात जाणाऱ्या खाजगी वाटेसारखी असते. वाटेला फाटक असते, आणि आत काय चालले आहे ते वाटेवरच्या लोकांना दिसत नाही.

सहावा नियम. हिशेबाची दुसरी प्रत ठेवावी. आपण सगळे बी पेरून टाकत नाही. थोडे राखून ठेवतो. तशी ही प्रत वेगळ्या डबीत, म्हणजे हार्ड डिस्कवर, उतरवून घ्यावी. मग वायर काढून ती कपाटात ठेवावी. वायर जोडलेलीच राहिली, तर चोराचे कुलूप तिलाही लागेल.

हे सारे तुमच्या हातातल्या फोनलाही लागू आहे. दुसऱ्याचा फोन दुरून चालवण्याचे ॲप असते. ते लोकांना घ्यायला लावून चोर खाती रिकामी करतात, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ साली बँकांना सावध केले होते. तेव्हा कोणी सांगितले म्हणून ॲप घेऊ नका. आणि लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही. पिन घातला, की पैसे जातात, येत नाहीत.

एवढे करूनही घात झाला, तर? लाजू नका आणि लपवू नका. लोक हसतील म्हणून माणूस दोन दिवस गप्प बसतो, आणि तेवढ्यात पैसा दहा खात्यांतून फिरून जातो. आधी इंटरनेट तोडा. बँकेला कळवा. मग १९३० या नंबरवर फोन करा. हा सरकारी नंबर अशा चोरीसाठीच आहे. जितक्या लवकर कळवाल, तितका पैसा वाटेत अडवता येण्याचा संभव जास्त.

शेवटी एक सांगायचे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. तिथे कर्जाचे कागद जाळले गेले. ज्यांनी त्या कागदांवर निशाणी केली होती, त्यांतल्या बहुतेकांना कागदात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगावी म्हातारी माणसे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागली. न वाचता अंगठा उठवायचा नाही, हे त्या पिढीने शिकून घेतले.

आता पडद्यावर 'होय' असे येते. आपण न वाचता बोट टेकवतो. मंडळी, हाही अंगठाच आहे!

म्हणून संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत गप्प बसू नका. उभे राहून तीन प्रश्न विचारा. आपल्या संगणकात दुरून कोणकोण येऊ शकते? नोकरी सोडून गेलेल्यांच्या किल्ल्या बंद केल्या का? हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तरे मिळाली, तर ती वृत्तांतात लिहून घ्यायला सांगा. मिळाली नाहीत, तर मिळेपर्यंत विचारा. संस्था तुमची आहे, दूध तुमचे आहे, पैसाही तुमचाच आहे.

आणि त्या मावशींसारखे दिसेल ते वाचत चला. मोठ्याने वाचले, तरी कोणी हसणार नाही.