परसांतील सीताफळ

शहरांतील घराभोंवतीं चार हात मोकळी जागा असली, कीं एखादें फळझाड लावावें अशी इच्छा कुटुंबांत उत्पन्न होते. परंतु उन्हाळ्यांत जेथें माणसांनाच पाणी पुरत नाहीं, तेथें झाडाची तहान कशी भागवावी? अशा घरीं सीताफळ लावावें.

हें झाड मूळचें उष्ण अमेरिकेंतील. पण दौलताबादच्या खडकाळ टेकड्यांवर आणि बालाघाटच्या डोंगरांत तें इतकें रुळलें आहे, कीं तें परदेशी आहे असें कोणास वाटूं नये. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. हिवाळा सरतां सरतां हें झाड पानें टाकूं लागतें. त्यामुळें पानांवाटे उडून जाणारें पाणी वाचतें.

येथेंच पुष्कळांची गफलत होते. कोणी निष्पर्ण झाड वाळलें असें समजून रोज घागरभर पाणी ओततो. मग मुळें कुजून तें खरोखरच वाळतें. उलट कोणी ‘याला पाणी लागत नाहीं’ असें ऐकून त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. झाड जगतें, पण फळ धरत नाहीं. आणि शेवटीं ‘वांझ’ ठरून कुऱ्हाडीखालीं जातें. वस्तुतः झाडानें जगणें आणि फळ पोसणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

लागवड पावसाच्या आरंभीं करावी. मुरमाड जमीन चालते, मात्र बुंध्याशीं पाणी सांचूं देऊं नये. पहिले दोन उन्हाळे आठवड्यास बादलीभर पाणी द्यावें व आळ्यांत पालापाचोळा पसरावा. बियांपासून वाढविलेलें झाड साधारण तीन-चार वर्षांनीं फळूं लागतें. कलमास त्याहून कमी काळ लागतो. पानगळ झाल्यावर वाळक्या व दाटलेल्या फांद्या छाटाव्या, कारण नव्या फुटीवर फुलें येतात.

फुलें येऊन गळतात, ही नेहमींची तक्रार. तिचें कारण फुलाच्या रचनेंत आहे. फूल अर्धवट उमलतें तेव्हां त्यांतील स्त्रीकेसर पराग घेण्यास तयार असतो. त्याच फुलाचे पराग मात्र तें पूर्ण उमलल्यावर सुटतात, आणि तोंवर स्त्रीकेसर सुकून गेलेला असतो. रानांत बारीक भुंगेरे एका फुलांतून दुसऱ्यांत पराग नेतात. शहरांतील एकट्या झाडास ते मिळतीलच असें नाहीं. म्हणून पावसाळ्यांत, सकाळच्या दमट हवेंत, पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग मऊ कुंचल्यावर घ्यावे व अर्धवट उमललेल्या फुलांत हलक्या हातानें फिरवावे. हें काम घरांतील मुलेंही आनंदानें करतात.

फळें धरल्यावर पावसानें ओढ दिली, तर मात्र पाणी अवश्य द्यावें. त्या वेळीं हयगय झाल्यास कोंवळीं फळें काळीं पडून दगडासारखीं घट्ट होतात व फांदीवरच लटकून राहतात. फळांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास प्रथम मुंग्यांची वाट बंद करावी, कारण त्याला मुंग्यांचा आश्रय असतो. मग साबणाच्या सौम्य पाण्यानें फळें धुवावीं. डोळ्यांमधील भेगा पिवळसर-पांढऱ्या दिसूं लागल्या, कीं फळ उतरून घरांत पिकवावें. बियांची पूड मात्र डोळ्यांस फार अपायकारक असते; ती केसांस लावण्याचा जुना उपाय कोणी करूं नये.

ज्यांच्या परसांत न फळणारें जुनें झाड उभें असेल, त्यांनीं तें तोडण्यापूर्वीं एक पावसाळा कुंचला हातीं घेऊन पाहावा. अनेकदां झाडांत दोष नसतो. त्यास शेजारच्या भुंगेऱ्याची उणीव असते, आणि ती माणसाच्या हातानें भरून निघते.