पहिला एकट्याचा मुंबई-प्रवास
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या कोकणातला मुलगा मुंबईला जातो तो कामासाठी. पूर्वी गिरणीत, गोदीत किंवा बोटीवर नोकरी मिळावी म्हणून जात असे. आता कॉलेजच्या प्रवेशासाठी, मुलाखतीसाठी किंवा आखातात जाण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीसाठी जातो. हातात कागदपत्रांची पिशवी आणि नजर पुढे चाललेल्या मामूंच्या सदऱ्यावर! अशा वेळी शहर दिसतच नाही. म्हणून माझी सूचना अशी की, बारावीची परीक्षा संपल्यावर मुलाने, आणि मुलीनेही, चार दिवस केवळ मुंबई पाहण्यासाठी एकट्याने जावे व त्या सहलीची आखणी स्वतःच करावी. अब्बांनी तिकीट काढून हातात ठेवले, तर ती आखणी नव्हे.

प्रथम गाडी. मांडवी एक्सप्रेस दिवसभर धावून रात्री मुंबईला पोचते. कोकणकन्या रात्री इकडून निघते आणि पहाटे पोचते. अनोळखी शहरात उजेडी उतरणे केव्हाही चांगले, तेव्हा कोकणकन्या घ्यावी आणि उजाडेपर्यंत स्टेशनातच थांबावे. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे, ते नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी होते. परतीचे तिकीटही त्याच बैठकीत काढावे.

मुक्काम बहुधा खालांकडे किंवा चाचांकडे होईल. मुंबईची खोली लहान असते, पाहुण्याने हे ओळखून आधी विचारावे, दिवस नक्की सांगावेत आणि तेवढेच राहावे.

लोकलची भीती मात्र अनेकांच्या मनात असते. खरे पाहता इंडिकेटर वाचता आला की अर्धे काम झाले. त्यावर गाडी कुठपर्यंत जाणार, धीमी की जलद आणि किती डब्यांची, हे सारे लिहिलेले असते. जलद गाडी सर्व स्टेशनांवर थांबत नाही, एवढे विसरू नये. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उलट दिशेने लोंढा असतो. त्या वेळा टाळाव्यात. दादरच्या फलाटांचे क्रमांक जुन्या माणसांना विचारू नयेत. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम व मध्य रेल्वेचे फलाट एकाच मालिकेत मोजतात, आणि आमच्या पिढीचे पाठांतर तिथे वाया गेले आहे!

काय पाहावे? एका दिवशी एकच भाग. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्यासमोरच १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामची वास्तू उभी आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावी. तेथून पायी विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि १९२२ साली लोकांसाठी उघडलेले वस्तुसंग्रहालय गाठता येते. संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा. धावत पाहण्यासारखे ते नाही. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी. असे वार आधी पाहून ठेवणे, यालाच आखणी म्हणतात.

मुलींचे नाव घेताच काही पालकांच्या कपाळावर आठी पडलेली मला इथून दिसते. पण जी मुलगी पुढे शिक्षणासाठी शहरातल्या वसतिगृहात दोन-तीन वर्षे राहायची आहे, तिला आधी चार दिवस आपल्याच खालांच्या घरी पाठवायला आपण का कचरतो? लोकलमध्ये महिलांचे वेगळे डबे आहेत, आणि आपल्याच गावच्या कितीतरी मुली रोज त्यांतून कामावर जातात. तिचा पहिला प्रवास प्रवेशाच्या धांदलीत व्हावा, की सवडीने? याचा घरी विचार करावा.

पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. घरचे व मुक्कामाचे फोन नंबर कागदावर लिहून खिशात असावेत, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते.

आता एक विनंती अम्मी-अब्बांना. सकाळी व रात्री अशा फोनच्या दोनच वेळा ठरवाव्यात. दुपारी फोन लागला नाही, तर लगेच चाचांना स्टेशनवर धाडू नये. मूल बहुधा घारापुरीच्या लाँचमध्ये बसलेले असेल.