नवजात हृदयाचा ताल आणि मातेची ऊब

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कात्रप, बदलापूर (पूर्व) येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



हृदयाविषयी व्याख्यान म्हटले की पन्नाशी ओलांडलेली मंडळी आवर्जून पुढच्या रांगेत बसतात. आज मात्र मी ज्या हृदयाविषयी बोलणार आहे, त्याचे वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम असते. नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाचे हे हृदय जागेपणी मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा पडते. आपल्या हृदयाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने. तथापि माझा आजचा विषय हा वेग नसून त्या वेगातील चढउतार आहे.

प्रारंभी आपण सर्वांनी एक लहानसा प्रयोग करावा. उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावर ठेवून संथ, दीर्घ श्वास घ्यावा आणि तितक्याच संथपणे सोडावा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना किंचित मंदावते. सामायिकास स्थिर बसणाऱ्यांना हे अधिक स्पष्ट जाणवेल. वय वाढलेल्यांना कदाचित फारसे जाणवणार नाही. हा दोष नव्हे. मेंदूतून निघून मानेतून हृदयापर्यंत उतरणारा 'व्हेगस' नावाचा मज्जातंतू श्वासागणिक हृदयाचा लगाम ओढतो आणि सैल सोडतो, त्याची ही खूण होय. निरोगी हृदय घड्याळाप्रमाणे काटेकोर चालत नाही. किंबहुना ते अगदी काटेकोर चालू लागले, तर वैद्याने सावध व्हावे.

हा लगाम गर्भात केव्हा तयार होतो? गर्भधारणेनंतर सुमारे बाविसाव्या दिवशी हृदय धडधडू लागते. त्या वेळी त्याला मेंदूची आज्ञा नसते. ते स्वतःच्याच प्रेरणेने चालते. नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याची गती मिनिटाला १७० च्या घरात पोहोचते आणि पुढे हळूहळू उतरत जाते. गती वाढविणारी अनुकंपी मज्जासंस्था आधी पक्व होते. गती आवरणारी परानुकंपी मज्जासंस्था, म्हणजेच व्हेगसचे कार्य, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आकार घेते. त्या तंतूंवर विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे मेदाचे आवरण चढू लागते आणि हे काम जन्मानंतरही चालूच राहते. म्हणजे नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळाचाही लगाम नवाच असतो. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्याचा तर अर्धाच विणलेला असतो.

अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मधेच वीस-वीस सेकंद थांबतो आणि त्यासोबत हृदयही मंदावते. (कॉफीतील कॅफिन हेच द्रव्य रुग्णालयात अत्यल्प मात्रेत औषध म्हणून देऊन हे थांबणे कमी करतात. मात्र घरी कोणी कॉफीचा चमचा बाळाच्या ओठाला लावू नये.) हृदयाच्या चढउताराकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष गेले ते गर्भावरील संशोधनातून. १९६३ साली अमेरिकेत एडवर्ड हॉन आणि ली यांनी दाखविले की गर्भ संकटात सापडल्यावर हृदयाची सरासरी गती बदलण्यापूर्वीच ठोक्याठोक्यांमधील अंतर बदलते. पुढे अत्यंत कमी वजनाच्या ३,००३ बाळांवर अभ्यास झाला. त्यांपैकी ज्यांच्या चढउतारावर यंत्राने अखंड नजर ठेवली होती, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण १०.२ ऐवजी ८.१ टक्के आढळले. हा निष्कर्ष २०११ चा आहे. जंतुसंसर्गाची बाह्य लक्षणे दिसण्याआधीच ताल सपाट होऊ लागतो, हे त्यामागील कारण.

यंत्राने संकट कळते; परंतु लगाम विणला जातो तो अन्य मार्गाने. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगार रे यांनी लहानग्यांना मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला 'कांगारू माता संगोपन' असे नाव पडले. आपल्या सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातही तिचा अभ्यास झाला. हेच ते रुग्णालय, जेथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. तेथील ८९ बाळांच्या अभ्यासाचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या ४५ बाळांपैकी २१ जणांचे अंग थंड पडले, तर मातेच्या छातीशी ठेवलेल्या ४४ पैकी केवळ १० जणांचे. शिवाय या बाळांचा श्वासही अधिक संथ होता.

मज्जासंस्थेचे प्रत्यक्ष मोजमाप इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन आणि आर्थर आयडेलमन यांनी केले. रोज एक तास, किमान चौदा दिवस छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये ३२ ते ३७ आठवड्यांच्या काळात व्हेगसची पक्वता इतर बाळांपेक्षा अधिक वेगाने वाढली, असे त्यांनी २००३ मध्ये नोंदविले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात तीच पद्धत लाभलेली मुले दहा वर्षांची झाली होती. त्यांची झोप अधिक व्यवस्थित होती आणि ताण आल्यावर शरीराची प्रतिक्रिया अधिक सौम्य होती. रोज एक तास! मला या आकड्याचे आजही नवल वाटते. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या पाच देशांतील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ ऐवजी १२ टक्के झाले.

आता आपल्या घरचा विचार करू. बाळाच्या हृदयाचे चढउतार घरी मोजण्याचा प्रयत्न कोणी करू नये. त्यासाठीची उपकरणे विकत घेण्याचीही गरज नाही. घरी मोजायचा तो श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातीलच आरोग्यदूतांना हे शिकविले. बाळाला ऊब देणे, स्तनपान, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे अशा साध्या गोष्टींतून ३९ गावांतील नवजात मृत्युदर १९९३-९५ मधील हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत २५.५ वर आला. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वरखाली होताना मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजावे. तेवढेच भरले, तर विलंब नको. छाती आत ओढली जाणे, दूध ओढणे थांबणे, तळवे व पोट गार लागणे, ओठ निळसर होणे, बाळ मलूल पडणे यांपैकी एक लक्षणही पुरेसे आहे.

विलंबाचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो. बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. कात्रपहून अशक्त बाळाला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, कळव्याला वा थेट सायनला न्यावे लागले, तर पावसाळ्यातील वाहतुकीत तो प्रवास किती लांबेल, हे आपणांस सांगावयास नको. अशा वेळी बाळाला दुपट्यात गुंडाळून मावशीच्या मांडीवर आणि आईला मागच्या गाडीत, असे अनेकदा घडते. बाळ वाटेतच गार पडते आणि गार बाळाचे हृदय मंदावते. १०८ ला दूरध्वनी करावा आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर बाळाला छातीशी बांधूनच न्यावे.

बांधण्याची रीत सोपी आहे. बाळाला केवळ लंगोट, टोपी व पायमोजे घालावेत. त्याला आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवावे, मान एका बाजूस वळवून हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासमार्ग मोकळा राहतो. पाय बेडकासारखे दुमडावेत. वरून मऊ जुन्या सुती साडीने दोघांना एकत्र बांधावे आणि आईने थोडे मागे रेलून बसावे. एका वेळी किमान तासभर तरी हवे. दिवसभरात आठ तासांहून जितके अधिक, तितके उत्तम. कमी वजनाच्या बाळाला आंघोळीची घाई करू नये.

आपल्याकडे सोयर पाळतात. त्या निमित्ताने बाळ-बाळंतिणीला विसावा मिळतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची हाताळणी टळते, हे फार चांगले. परंतु त्यामुळे पित्याने बाळाला स्पर्शच करू नये असे ठरले, तर आई थकल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर खाटेवर असताना त्या बाळाची दुसरी उबदार छाती जाते. पिता, आजी, आत्या, हात स्वच्छ धुतलेली आणि सर्दी-खोकला नसलेली घरातील कोणतीही व्यक्ती हे काम करू शकते. मागील रांगेत काही तरुण पिते उभे दिसतात. त्यांनी पुढे यावे. बाहुली आणि साडी आणली आहे, बांधून दाखवितो.